डाव्या हाताचं हाड

शेठ कुठल्याही सांगाड्याला 'पुरुष' म्हणत नसत आणि 'बाई'ही म्हणत नसत. आमच्या शवागारात त्यांनी अकरा वर्षं काढली, पण पोलिसांचं पोतं आलं की विभागाच्या दारात उभं राहून ते एवढंच सांगत, "बाय, मानूस आयलाय." मी विचारायची, "पुरुष की बाई?" ते पायातल्या गमबुटांकडे बघत पुन्हा म्हणायचे, "मानूस." मी चिडायची. इतकी वर्षं हाडं धुतली तरी या माणसाला एवढं कळू नये, असं वाटायचं. त्या एका शब्दामागे काय होतं ते कळलं त्या दुपारी मला स्टुलावरून उठता आलं नव्हतं. तो धक्का आजही पुरता पचलेला नाही. लिहून पचतो का, बघते आहे.

'शेठ' हे नाव त्यांना आमच्या क्लार्कने दिलं होतं, आणि ते टोपणनाव असलं तरी खोटं नव्हतं. शेठ मूळचे बोनकोड्याचे, आगरी. शेती नव्या वसाहतीसाठी सरकारने घेतली, पण गावठाणातल्या जागेवर त्यांनी तीन मजली इमारत उभी केली होती. आमचा क्लार्क त्याच इमारतीत भाडेकरू होता. म्हणजे जो माणूस ऑफिसात त्याला चहा आणून द्यायचा, तोच घरी त्याचा मालक होता. असा खाऊनपिऊन सुखी माणूस ठेकेदाराकडे शवागाराचा कामगार म्हणून का राबतो, हा आमच्या विभागाचा आवडता विषय होता. कोणी म्हणे, बायकोच्या कटकटीला कंटाळून येतो. कोणी म्हणे, कसला तरी नवस आहे. विचारलं तर शेठ म्हणत, "घरान बसून काय करू?" आणि झाडू उचलत.

मी तिथली न्यायवैद्यकाची डॉक्टर. सापडलेल्या हाडांवरून माणसाचं वय, उंची, लिंग सांगायचं, हे माझं काम. आणि त्यात मी पटाईत आहे अशी माझी समजूत होती. कमरेच्या हाडाला मागच्या बाजूला एक खाच असते. तिच्यात अंगठा घालायचा. अंगठा इकडेतिकडे हलला तर बाई, अडकून बसला तर पुरुष. मग कवटी बघायची, हनुवटी बघायची, पण माझा निर्णय बहुतेक वेळा अंगठ्यापाशीच झालेला असे. विद्यार्थी त्याला 'मॅडमचा अंगठा' म्हणत आणि मला ते आवडायचं, हे कबूल करते.

एकदा वर्गात मी ऐटीत म्हणाले, "हाडाला जात नसते, धर्म नसतो. पण लिंग असतं आणि ते लपत नाही." पोरांनी वहीत लिहून घेतलं. मागे शेठ ट्रे घेऊन उभे होते. वर्ग सुटल्यावर ट्रे आवरता आवरता ते म्हणाले, "हाडाला नाव पन नसतं, बाय. ता पुसाया लागतं." मी म्हटलं, "कोणाला पुसणार शेठ? मेलेल्याला?" ते हसले नाहीत. माझ्या विनोदांना ते एरवी हसत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे गाठोडं. हाडांबरोबर चिखलातून जे काही येई, चिंधी, बटण, चपलेचा पट्टा, ते सगळं ते निराळ्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे, पांढऱ्या फडक्यात बांधायचे आणि त्या हाडांच्याच पेटीत ठेवायचे. मी अहवालात 'संबंध नाही' असं लिहिलेल्या वस्तूसुद्धा. हवालदार म्हणत, फेकून द्या. शेठ मान हलवत आणि गाठोडं पेटीत जाई. मी कानाडोळा करायची. म्हाताऱ्या माणसाची हौस, दुसरं काय!

उलव्याच्या खारफुटीतून ते पोतं आलं तेव्हा असंच झालं. भरावाचं काम करणाऱ्या मजुरांना हाडं दिसली, पोलिसांनी चिखलासकट पोत्यात भरून आणली. कुत्र्यांनी आणि खेकड्यांनी सगळं विखुरलं होतं, त्यामुळे काय कुठे होतं याचा पत्ता नाही. अंगठा खाचेत अडकला. कवटीवरचं भुवईचं हाडही ठसठशीत. मी लिहून टाकलं : पुरुष, वय अंदाजे पंचवीस ते पस्तीस. चिखलातून हिरव्या काचेच्या बांगड्या निघाल्या होत्या आणि एक पैंजण. खाडीच्या कडेला लोक देवीची ओटी सोडतात. साडी, खण, नारळ, हिरव्या बांगड्या भरतीबरोबर त्या झाडांत येऊन अडकतात, हे इथं राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मलाही होतं. मी लिहिलं : विसर्जित पूजासाहित्य, अवशेषांशी संबंध नाही.

शेठ ओल्या हातांनी टेबलापाशी आले. त्यांच्या तळव्यावर त्यातली एक बांगडी होती.

"बाय, ओटीच्या बांगड्या दोऱ्यान बांधल्याल्या असतान. ह्या सुट्या व्हत्या. हाताचे हाडाबरोबर एकाच गोल्यान."

"अहो शेठ, सगळं एकाच पोत्यात होतं. उद्या त्यात नारळ निघाला तर तो काय त्यानं खाल्ला म्हणू?"

"न माप बग. ओटीची बांगडी येवरी मोठी कोन घेतं?"

"असेल दुकानात तेवढीच."

"न चांदीचा पैंजन? चांदी खारीन कोन टाकतं?"

"तुमच्यासारखा एखादा शेठ!" मी म्हणाले, आणि क्लार्क खो खो हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! शेठनी बांगड्या फडक्यात ठेवल्या, पैंजण ठेवलं, गाठ मारली. पेटीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं 'पुरुष' हे लेबल त्यांनीच चिकटवलं. त्यांना ते चिकटवावं लागलं, असं आता म्हणायला हवं.

पुढच्या गोष्टीत शेठचीही एक चूक आहे आणि ती मी लपवणार नाही, कारण त्यांनीही लपवली नाही. आमच्याकडे कधी तृतीयपंथी बायका कोणाची चौकशी करायला आल्या की शेठ नाहीसे व्हायचे. हाका मारूनही सापडायचे नाहीत. धुण्याच्या खोलीला आतून कडी. "शेठ शापाला घाबरतात," असं क्लार्क सांगायचा आणि आम्हालाही ते पटलं होतं.

उलव्याचं पोतं येऊन तीनेक महिने झाले असतील. दोघीजणी आल्या. एक साठीची, अंगाने भरलेली, तिला बरोबरची तरुण मुलगी 'अम्मा' म्हणत होती. घरच्यांनी हाकललेली पोरं जिच्या दारात येतात आणि मग तिच्या मुली होतात, तशी ती अम्मा. तिची रेश्मा नावाची मुलगी हरवली होती. पोलीस ठाण्याची चिठ्ठी होती : हरवलेली स्त्री, अनोळखी मृतदेह दाखवावेत. मी बायकांचं रजिस्टर काढलं. एकेक फोटो, एकेक नोंद दाखवली. रेश्मा नव्हती. अम्मा म्हणाली, "थँक्यू डॉक्टर, तुमी नीट बोललात." दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पुन्हा तेच रजिस्टर. या वेळी मला परीक्षेची घाई होती. मी म्हटलं, "मिळालं तर पोलीस कळवतील, सारख्या खेपा घालू नका."

माझ्यासमोर बसलेल्या बायका कोण आहेत ते मला दिसत होतं. त्या जिला शोधत होत्या तीही तशीच असणार हे कळायला डॉक्टरकी लागत नव्हती. तिची हाडं माझ्या टेबलावर आली तर माझा अंगठा काय सांगेल हे तर माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी मी चिठ्ठीवर 'स्त्री' वाचून बायकांचं रजिस्टर उघडलं, दोनदा! मागे चार हातांवर रॅकमध्ये ती पेटी होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर कांकण गाठोड्यात बांधून ठेवलेलं होतं. माझ्या डोक्यात हाडं एका खणात आणि माणसं दुसऱ्या खणात होती, आणि मधलं दार मी कधी उघडलंच नव्हतं. हे लिहितानाही माझे कान तापतात.

तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा मी तोंड उघडायच्या आत धुण्याच्या खोलीची कडी वाजली आणि शेठ बाहेर आले. त्यांच्या हातात ते पांढरं गाठोडं होतं आणि ते त्याची गाठ सोडत होते. मी "शेठ, हे काय?" असं काहीतरी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुमचे पोरीचे हातान बांगड्या कवऱ्या मापाच्या व्हत्या?" त्यांनी अम्माला विचारलं.

"दोन-बारा," अम्मा ताबडतोब म्हणाली. "तिचा हात मोठा. कुठंच मिळायच्या नाय. मी वाशीला एकाकडून मागवायची, हिरव्याच. आणि पैंजण एकच घालायची, डाव्या पायात. दुसरं विकलं होतं. का? का विचारता तुमी?"

गाठ सुटली. अम्माने पैंजण उचललं आणि त्याचा आकडा शोधला. आकड्याच्या जागी तांब्याची तार पिळलेली होती. "ही तार मी बसवली," ती म्हणाली. मग ती खाली फरशीवर बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून क्लार्क उठून बाहेर गेला. माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं म्हणायची पद्धत आहे. माझी जमीन जागेवर होती. मीच कुठे उभी आहे ते मला कळेना.

थोड्या वेळाने डोळे पुसत अम्माने शेठना विचारलं, "काका, तुमाला कसं समजलं? इथल्या डॉक्टरांना नाय समजलं."

शेठ भिंतीला टेकून उकिडवे बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझा पोरगा व्हता," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "पोरगी हाय. अठरा वर्साची व्हती. पुतन्याचे हलदीन आईशीची सारी नेसून नाचली. लोखा हसली. मी सगल्यांसमोर चपलेन मारला न बोललू, माझा पोरगा मेला. दुसरे दिवशी दुपारी घर सोरून गेली. दोन वर्सांनी पोलिसांनी मना हितं बोलावला. एक मानूस दाखवला. आपली नव्हती. पन त्या मानसाचे हातावर मेंदी व्हती न कागदावर लिवलेला व्हता पुरुष. मना कलला, आपली आयली तरी अशीच येल न अशीच जाल. कोनाला कलाचा नाय. म्हनून हितंच ऱ्हायलू."

ही होती त्या तीन मजली इमारतीच्या मालकाची नोकरी. मी स्टुलावर बसले होते. 'तुमच्यासारखा एखादा शेठ' हे माझं वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं.

अम्मा त्यांच्याकडे सरकली. स्वतःच्या मुलीचं पैंजण मुठीत धरलेल्या त्या बाईने विचारलं, "नाव काय तिचं? मी विचारते आमच्यात. ठाण्यापासून पनवेलपर्यंत विचारते."

शेठनी पायातल्या गमबुटांकडे पाहिलं. "पोराचा नाव भूषन," ते म्हणाले. "पोरीचा नाव मना ठाव नाय."

मग त्यांनी खूण सांगितली. नऊ वर्षांची असताना जांभळीवरून पडली, डावा हात कोपराखाली मोडला. शेठनी दवाखान्यात न नेता हाड बसवणाऱ्याकडे नेलं, हात वाकडा जुळला. "तो हात मीच वाकरा केला," ते म्हणाले. हे बोलताना त्यांनी स्वतःच्या डाव्या हातावर जिथे बोट ठेवलं, ती जागा मी अजून अचूक दाखवू शकते.

नंतर मी त्यांना विचारलं, थोडं रागानेच विचारलं, की हे पहिल्याच खेपेला का बोलला नाहीत. ते म्हणाले, "भ्यायलू, बाय. त्यांना आपली ठाव असली न त्यांनी सांगितला का मेली, तं? दोनदा लपलू. त्या पोरीला माझ्यामुलं पेटीन ऱ्हावा लागला." माझ्यामुळे, असं मी म्हणायला हवं होतं. त्या दिवशी नाही म्हणवलं. आज म्हणते.

दातातून डीएनए निघाला. देशावरच्या एका गावातून रेश्माचा भाऊ रक्त द्यायला आला, मान खाली घालून. तो 'आमचा भाऊ' म्हणत होता, अम्मा 'माझी मुलगी' म्हणत होती, आणि दोघं एकाच पेटीकडे बघत होते. जुळलं. कागदावर सही करून त्याने पेटी अम्माकडे सरकवली आणि म्हणाला, "तुम्हीच न्या. तुम्हीच शोधलीत." शोध'लीत' म्हणाला की शोध'लात', हे शेठनी मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, 'शोधलीत'च म्हणाला. त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मागच्या खोलीतल्या सगळ्या जुन्या पेट्या काढल्या. शेठ गाठोडी सोडत आणि मी माझेच अहवाल वाचत असे. तीन पेट्यांत 'संबंध नाही' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडलं. एकीत नाकातली चमकी, एकीत गंगावन, एकीत बांगड्यांचे तुकडे. गंगावनसुद्धा मला दिसलं नव्हतं! त्या तिघींची नावं अजून लागलेली नाहीत. पोलिसांना मी नव्याने लिहून दिलं. आता माझ्या अहवालात लिंगाच्या रकान्यात एक शब्द नसतो. हाडांवरची लक्षणं कोणती ते असतं, आणि खाली असतं की ही व्यक्ती कोण म्हणून जगली हे यावरून ठरवू नये, सोबतच्या वस्तू पाहाव्यात, हरवलेल्या स्त्रियांची आणि पुरुषांची, दोन्ही याद्या तपासाव्यात. वरिष्ठ म्हणाले, रकाना लहान आहे. मी कागद जोडते.

साठ पूर्ण झाल्यावर ठेकेदाराने शेठना थांबवलं. निरोपाला क्लार्कने पेढे आणले, शाल आणली आणि भाषणात तो 'आमचे मालक' म्हणाला. सगळे निघून गेल्यावर शेठनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आमचाच छापील नमुना होता, पेन्सिलीने भरलेला. उंची : माझ्या खांद्याएवढी. दात : पुढचा एक जरा पुढे. जुनी दुखापत : डाव्या हाताचं हाड, कोपराखाली चार बोटं, वाकडं जुळलेलं. लिंगाच्या रकान्यात लिहिलं होतं 'माझी पोर'. नावाचा रकाना कोरा होता.

"हा कोरा का ठेवलात?" मी विचारलं.

"जिती गावली तं तिनाच इचार," ते म्हणाले. "न नाय गावली तं अम्माला इचार. त्यांच्यान कोनाला तरी ठाव असल."

यंदाच्या उन्हाळ्यात शेठ गेले. झोपेत गेले. दहाव्याला मी बोनकोड्याला गेले. मंडपात आलेल्या प्रत्येक बाईच्या डाव्या हाताकडे मी बघत होते. हात कोपराखाली सरळ आहे की वाकडा, एवढंच. अम्मा आली होती, तिच्या बरोबरच्या चौघीजणी होत्या. गावातली माणसं चुळबुळली, पण शेठच्या बायकोने, काकूंनी, उठून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. वाकड्या हाताची कोणी नव्हती.

निघताना काकूंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, अकरा वर्षं नवरा संध्याकाळी दारात आला की आधी मी त्याच्या तोंडाकडे बघायची, तो 'नाय' म्हणायचा, मग मी ताटं घ्यायची. नोकरी सुटल्यावर तो रोज हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन चौकशी करून यायचा. हे मला विभागात कोणी सांगितलं नव्हतं. "आता मना कोन सांगल?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा नंबर घेतला.

परवा रबाळ्याच्या नाल्यातून एक पोतं आलं. माझा अंगठा आता सवयीने खाचेकडे जात नाही. मी आधी डावा हात शोधला, पाणी ओतून चिखल काढला, हाड बोटांनी कोपरापासून मनगटापर्यंत चाचपलं. सरळ होतं. पांढरं फडकं पसरून बाकीचा चिखल धुवायला बसले, कारण ते माणूस कोणाचं तरी असणारच होतं. मग हात पुसून रोजच्यासारखा फोन लावला.

"नाही, काकू," मी म्हणाले.

"नाय?"

"नाही."

"मंग मी जेवतंय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.